ठेकेदाराचे बिल आणि आमची सही

नगरपालिकांची बरीच कामे आज नगरपालिकांची माणसे करीत नाहीत. घरोघरचा कचरा उचलणे, गटारे उपसणे, रस्त्यावरचे दिवे सांभाळणे, सार्वजनिक शौचालयांची देखभाल, पार्किंगची वसुली अशी कामे निविदा काढून ठेकेदारांना दिली जातात. कर मात्र आपण पूर्वीप्रमाणे नगरपालिकेतच भरतो. म्हणजे पैसा आपला, काम सांगणारी नगरपालिका आणि काम करणारा तिसराच.

आपल्या कापडाच्या धंद्यात ही पद्धत नवी नाही. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, विणाई मजुरीवर. पण सूत देणारा व्यापारी मजुरी चुकती करण्यापूर्वी प्रत्येक तागा टेबलावर उलगडून पाहतो. कुठे धागा तुटला, कुठे डाग पडला, पन्हा कमी भरला का, हे पाहिल्यावरच पैसे मोजतो. नगरपालिकेच्या ठेक्यात हा तागा कोण उलगडून पाहतो? ज्याच्या दारातून कचरा उचलला जातो तो नागरिक समाधानी आहे की नाही, हे कोण आणि कसे मोजतो? या प्रश्नाचा विचार आम्हा व्यापाऱ्यांना स्वतःचे नुकसान झाल्यावर करावा लागला. तो अनुभव आधी सांगतो.

एका सहीची हकीकत

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजारात कचरा ठेकेदाराचा सुपरवायझर कागदांचा गठ्ठा घेऊन आला. नम्र माणूस. म्हणाला, "चाचा, फक्त एक सही. काम समाधानकारक आहे एवढेच लिहिले आहे." त्या आठवड्यात गाडी रोज येत होती. आम्ही चष्मा न लावताच सही केली. आम्ही केली म्हणून शेजारच्यांनी केली. तासाभरात पूर्ण ओळीच्या सह्या झाल्या. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, पण मराठी आम्ही वाचतो. अनेक दुकानदारांना आणि मागावरच्या परप्रांतीय कामगारांना तेही जमत नाही. त्यांनी काय लिहिले आहे हे न विचारताच सही किंवा अंगठा दिला.

बाजाराच्या मागे यंत्रमागांची गल्ली आहे. तिथे गाडी चार-चार दिवस फिरकत नव्हती. चिंध्या, सुताचा कचरा आणि चहाचे कप गटारात साचत होते. पावसाळ्यात ते गटार तुंबले आणि पाणी आमच्या गोदामात शिरले. खालच्या फळीवरचे तागे भिजून डागी झाले. फ्रेश म्हणून घेतलेला माल सेकंडच्या भावात काढावा लागला. तक्रार घेऊन कचेरीत गेलो तेव्हा साहेबांनी फाइल उघडली आणि विचारले, "सेठ, ही सही तुमचीच ना?" सही आमचीच होती. त्याच सह्यांच्या जोरावर ठेक्याला मुदतवाढ मिळाली होती.

ठेकेदाराचा दोष होताच. पण न पाहता माल पास करणारा मेहता आपण कामावर ठेवत नाही. इथे तो मेहता आम्हीच होतो.

वजनाचे बिल

कचऱ्याच्या अनेक ठेक्यांत पैसे टनावर मिळतात. गाडी वजनकाट्यावर चढते, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातील फरक नोंदवला जातो आणि त्यावर बिल निघते. हा हिशेब सोपा व तपासता येण्याजोगा आहे. पण त्यात एक खोट आहे. काट्याला फक्त वजन कळते. दगड, माती, पाडकामाचा राबिट हेही वजनच. शिवाय एका मोठ्या उकिरड्यावरून दोन टन उचलणे स्वस्त पडते आणि शंभर दारांवरून तेवढेच गोळा करणे महाग पडते. वजनावर पैसे मिळणारा माणूस साहजिकच उकिरड्याकडे जाईल, अरुंद गल्लीत शिरणार नाही.

कोरे कापड वजनावर घेणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. खळ जास्त मारली की तागा जड होतो आणि एका धुण्यात ते वजन निघून जाते. म्हणूनच जाणता खरेदीदार वजनाबरोबर पन्हा आणि धाग्यांची संख्याही पाहतो. ठेक्यातही टनाबरोबर दुसरे माप हवे. ते दुसरे माप म्हणजे ज्याच्यासाठी काम चालले आहे त्या नागरिकाचे मत. पण ते मापसुद्धा सावधपणे घ्यावे लागते.

समाधान म्हणजे नेमके काय

"तुम्ही समाधानी आहात का?" हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते. प्रत्यक्षात काय मिळाले ही एक आणि काय मिळेल अशी अपेक्षा होती ही दुसरी. मिळालेले अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर माणूस खूश, कमी असेल तर नाराज. ग्राहकांच्या बाबतीत हा विचार बाजारशास्त्रात जुना आहे. ग्रेग व्हॅन रायझिन या अभ्यासकाने न्यूयॉर्क शहराच्या नागरिकांवर तो तपासून पाहिला आणि 2004 साली प्रसिद्ध केला. नगरपालिकेच्या सेवांबाबतही माणसाची अपेक्षा त्याच्या समाधानात भाग घेते, असे त्यात दिसून आले.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ गंभीर आहे. ज्या वस्तीत वर्षानुवर्षे गाडी आलीच नाही, तिथे आठवड्यातून दोनदा आली तरी लोक शुक्र मानतात आणि "चांगले आहे" म्हणतात. ज्या कॉलनीत रोज सकाळी सात वाजता गाडी येते, तिथे ती एक दिवस नऊला आली तर लोक रागावतात. कागदावर वस्ती समाधानी आणि कॉलनी असमाधानी. मग साहेब म्हणतात की वस्तीत काही अडचण नाही, कॉलनीकडे लक्ष द्या. जन्मभर सेकंडचा माल नेसलेला गिऱ्हाईक सेकंडवर खूश असतो, पण म्हणून त्या तागावर फ्रेशचा शिक्का मारता येत नाही.

तक्रारींच्या संख्येचेही असेच आहे. तक्रारी कमी म्हणजे काम चांगले, असे मानले जाते. पण तक्रार कोठे करायची हेच ठाऊक नसेल, तक्रारीसाठी अर्धा दिवसाची मजुरी बुडणार असेल, किंवा तक्रार करून काही होत नाही अशी खात्री झाली असेल, तर तक्रारी आपोआप कमी होतात. ठेक्याच्या कामात यात आणखी भर पडते. ठेकेदार म्हणतो पालिकेला विचारा, पालिका म्हणते ठेकेदाराला विचारा. दोन दारे फिरून दमलेला माणूस तिसऱ्यांदा जात नाही.

काय वाटते आणि काय घडले

ब्रायन स्टिपाक या अमेरिकन अभ्यासकाने 1979 सालीच इशारा दिला होता की नागरिकांच्या समाधानाचे आकडे हे सेवेच्या दर्जाचे सरळ माप समजणे धोक्याचे आहे. मग नागरिकांना विचारूच नये काय? तसे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकापासून एक पद्धत आहे. प्रशिक्षित निरीक्षक ठरलेल्या रस्त्यांवर फिरतात, हाताशी असलेल्या नमुन्याच्या छायाचित्रांशी रस्ता ताडून पाहतात आणि स्वच्छतेचा आकडा नोंदवतात. 2008 साली व्हॅन रायझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे व नागरिकांची मते शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींचा चांगला मेळ बसला. माणसाला त्याच्या स्वतःच्या भागातील रस्त्याविषयी विचारले तर तो बहुधा बरोबर सांगतो.

आम्ही यातून धडा घेतो तो असा. "एकंदरीत तुम्ही समाधानी आहात का?" या एका गोल प्रश्नाचे उत्तर भरवशाचे नाही. "गेल्या सात दिवसांत गाडी तुमच्या दाराशी किती दिवस आली?" याचे उत्तर भरवशाचे आहे. पहिला प्रश्न मनाला विचारलेला आहे, दुसरा डोळ्यांना. समाधानाचा प्रश्न विचारावा, पण घडलेल्या गोष्टीचा प्रश्न त्याच्या शेजारी असावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, लोक समाधानी पण गाडी दोनच दिवस, तर समजावे की त्या गल्लीने आशा सोडली आहे. तिथे लक्ष आधी द्यायला हवे.

कापडाच्या तपासणीत चार गुणांची एक पद्धत सर्वत्र चालते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहा इंचांपर्यंत दोन, नऊ इंचांपर्यंत तीन आणि त्याहून मोठ्या दोषाला चार. शंभर चौरस वारांत साधारण चाळीसपेक्षा जास्त गुण झाले तर माल नापास. माल पाहणारा खूश आहे की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. दोष मोजला जातो आणि आधी ठरलेल्या मर्यादेशी ताडला जातो. ठेक्यातही मर्यादा आधी ठरलेली असली पाहिजे.

बंगलोरचा दाखला

आपल्या देशात नागरिकांच्या मताचे माप पद्धतशीरपणे घेण्याचा नामांकित प्रयत्न बंगलोरचा. अहमदाबादच्या आयआयएमचे माजी संचालक सॅम्युएल पॉल यांनी काही नागरिकांना सोबत घेऊन 1993 साली हे काम सुरू केले. शहरातील मध्यमवर्गीय घरे आणि झोपडपट्ट्या यांत स्वतंत्रपणे पाहणी झाली. पालिका, पाणीपुरवठा, वीज, टेलिफोन अशा खात्यांचे "प्रगतिपुस्तक" 1994 साली लोकांसमोर ठेवले गेले. शाळेत मुलाला मिळते तसेच, फक्त गुण देणारे नागरिक. निकाल फार वाईट होता. पूर्ण समाधानी असणाऱ्यांचे सरासरी प्रमाण अवघे 9 टक्के, आणि शहर विकास प्राधिकरणाच्या वाट्याला 1 टक्का.

ही पाहणी ठेकेदारांची नव्हती, खात्यांची होती. पण पद्धत तीच लागू पडते आणि तिच्यातील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, माप घेणारा बाहेरचा होता. खात्याने स्वतःला गुण दिले नव्हते. दुसरी, प्रश्न प्रत्यक्ष अनुभवाचे होते: कचेरीत काम पडले का, किती वेळा जावे लागले, अडचण सुटली का, लाच द्यावी लागली का. तिसरी, ते एकदा करून सोडून दिले नाही. 1999 व 2003 साली पुन्हा पाहणी झाली आणि समाधानाची सरासरी अनुक्रमे 34 व 49 टक्क्यांवर आली. या काळात सरकार, उद्योजक व नागरिक यांचा कृतिगटही 1999 साली स्थापन झाला होता. सुधारणेचे सर्व श्रेय प्रगतिपुस्तकाला देणे योग्य होणार नाही. पण आकडा नसता तर सुधारणा झाली की नाही हेही कोणी सांगू शकले नसते.

गुण शहराला, बिल ठेकेदाराला

आता कोणी म्हणेल, केंद्र सरकारचे स्वच्छ सर्वेक्षण आहेच की. ते 2016 साली 73 शहरांपासून सुरू झाले. 2017 च्या सर्वेक्षणात एकूण 2000 गुणांपैकी 900 पालिकेने सादर केलेल्या कागदपत्रांना, 500 प्रत्यक्ष पाहणीला आणि 600 नागरिकांच्या मताला होते. नागरिकांच्या मताला गुण देऊ करणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण हा आकडा संपूर्ण शहराचा असतो. त्यातून शहराचा क्रमांक ठरतो. आपल्या प्रभागाचे काम घेतलेल्या ठेकेदाराचे बिल त्यातून ठरत नाही. शिवाय क्रमांक वर यावा म्हणून पालिकाच नागरिकांना मत देण्याचा आग्रह करते, तेव्हा परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच बाकावर बसतात.

पुण्याचे उदाहरण वेगळे आहे. तिथे कचरावेचकांच्या "स्वच्छ" या सहकारी संस्थेशी महापालिकेने 2008 साली करार केला. दारोदार कचरा घेणाऱ्या सभासदाला घरमालक दरमहा शुल्क स्वतःच्या हाताने देऊ लागला. काम करणारा आणि पैसा देणारा समोरासमोर आले. काम नीट झाले नाही तर महिन्याच्या शेवटी दारातच बोलणे होते. मात्र यातही विचार हवा. एखाद्या घराने पैसे दिले नाहीत तर ते नाराजीमुळे की नुसते बुडवायचे म्हणून, हे ओळखता आले पाहिजे. नाही तर समाधानाच्या नावाखाली गरीब कामगाराची मजुरी मारली जाईल.

आपल्या मोहल्ल्यात हे कसे करावे

व्यापारी बंधूंनी व कारागिरांनी यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी कोणत्याही बाजार संघटनेला जमण्यासारख्या आहेत.

1. प्रथम ठेक्याची प्रत मिळवा. माहितीचा अधिकार कायदा 2005 साली झाला. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. गाडी किती वेळा यायची, कोणत्या गल्ल्या, चूक झाल्यास दंड किती, हे कलमवार वाचा. हीच तुमची आधी ठरलेली मर्यादा.

2. प्रश्न सहा-सातच ठेवा आणि घडलेल्या गोष्टीचे ठेवा. गाडी किती दिवस आली, किती वाजता, दाराशी की नाक्यावर, वरचे पैसे मागितले का, तक्रार केली का, केली तर किती दिवसांत निवारण झाले. समाधानाचा एक प्रश्न ठेवा. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरेही बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी प्रश्न आणि क्रम तोच ठेवा.

3. ज्याला बोलण्याची हौस आहे त्यालाच विचारू नका. प्रत्येक पाचवे किंवा दहावे दार घ्या, मग ते दुकान असो, कारखाना असो की माळ्यावरची खोली. रात्रपाळीच्या कामगाराला त्याच्या जागेपणीच्या वेळी गाठा. घरात कचरा बहुधा बायका सांभाळतात, तेव्हा उत्तरही त्यांच्याकडून घ्या. त्यासाठी शिकलेल्या मुलींची मदत घ्या.

4. प्रश्न लोकांच्या भाषेत विचारा. मराठी, उर्दू, हिंदी, ज्याला जी समजते ती. वाचून दाखवा आणि उत्तर त्याच्यासमोर लिहा.

5. आकड्याचा अभिमान बाळगू नका. शंभर दारे विचारली तर टक्केवारीत सुमारे दहा इकडेतिकडे होऊ शकते, चारशे विचारली तर सुमारे पाच. म्हणून 62 चे 66 झाले तर मिठाई वाटू नये. 62 चे 30 झाले तर मात्र गप्प बसू नये.

6. विचारणारा ना ठेकेदाराचा असावा, ना कचेरीचा, ना निवडणुकीला उभा राहणार असलेला. एका बाजाराची पाहणी दुसऱ्या बाजाराच्या लोकांनी करावी, हे उत्तम.

7. वर्षातून तीन वेळा करा, त्यांतील एक पावसाळ्यात. निकाल तारीख घालून लेखी द्या आणि पोच घ्या. बिलातून कपात करण्याची मागणी ठेक्याच्या कलमाचा हवाला देऊन करा. कपात ठेकेदाराच्या रकमेतून व्हावी, झाडूवाल्याच्या मजुरीतून होऊ नये, हेही त्यातच लिहा. गाडी कमी पाठवण्याचा निर्णय त्या बिचाऱ्याचा नसतो.

आता सही मागितली तर

आमच्या बाजारात गोदामाच्या नुकसानीनंतर एक वही ठेवली. एक वही बाजाराच्या ओळीत, दुसरी यंत्रमागाच्या गल्लीत चहावाल्याकडे. गाडी आली की तारीख, वेळ आणि एक खूण, एवढेच. पहिल्या पंधरवड्यात बाजारच्या वहीत बारा खुणा होत्या आणि गल्लीच्या वहीत पाच. दोन ठिकाणांत पायी तीन मिनिटांचे अंतर आहे. समोरच्या रस्त्यावर राहणाऱ्याच्या सहीने मागच्या गल्लीचे काम पास होत होते, हे तेव्हा आम्हाला डोळ्यांनी दिसले.

त्या दोन वह्यांच्या नकला घेऊन आम्ही पुन्हा त्याच कचेरीत गेलो. या वेळी जुन्या सहीचा विषय निघाला नाही. साहेबांनी दोन्ही नकला फाइलला लावून घेतल्या आणि पोच दिली. पुढच्या महिन्यात गल्लीच्या वहीत खुणा वाढल्या. बिलातून काही कापले गेले की नाही, हे विचारण्याचा अर्ज आम्ही दिला आहे.

वाचक बंधूंना विनंती एवढीच की, समाधानाच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी तो घरी ठेवून घ्यावा आणि एकदा मागच्या गल्लीतून चक्कर मारून यावे. तागा पूर्ण उलगडल्याशिवाय आपण माल पास करीत नाही. हा तर आपल्याच कराच्या पैशांचा माल आहे.